हसलेले अनारसे

केक टेबलावर ठेवल्यावर कुणी त्याच्याकडे नीट पाहण्याच्या आतच माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने दोन्ही हात वर केले आणि ती मोठ्याने ओरडली, "नेल्ड इट!" २०२३ सालच्या अधिक श्रावणातला तो रविवार होता. पाऊस सकाळपासून धरून बसला होता, दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळले नव्हते आणि घरभर लोणी, व्हॅनिला आणि दमट टॉवेल यांचा मिळून एक चमत्कारिक वास पसरला होता. केक घुबडाचा होता, म्हणजे निदान तसा व्हायचा होता. मोबाइलवरच्या चित्रातले घुबड गोल, गुबगुबीत, पंखांवर पिसांच्या तीन नेटक्या ओळी असलेले होते. आमच्या टेबलावरचे घुबड एका अंगाला कलले होते, त्याची चोच घसरून पोटावर आली होती आणि तपकिरी क्रीम ओघळून ताटलीत साचू लागले होते. "हे पावसात भिजून आलेलं दिसतंय," असे नवरा म्हणाला आणि आम्ही सगळे हसलो. सर्वांत मोठ्याने लेकच हसली. गावाहून आठ दिवसांसाठी आलेली माझी काकूही हसली, पण तिचे हसू आमच्यापेक्षा जरा उशिरा आले.

रात्री ओटा आवरताना मिक्सरच्या मागे मला एका डब्याचे झाकण सापडले. त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरले होते आणि त्या पांढऱ्या भुकटीवर साखरेच्या लगद्याचे, म्हणजे फॉन्डंटचे, सात डोळे एका ओळीत मांडून ठेवलेले होते. पहिला अगदी चपटा, दाबताना बोटाचा ठसा उमटलेला. दुसऱ्याचे काळे बुबुळ मधोमध नव्हते. चौथ्याला टूथपिकने पापण्या काढण्याचा प्रयत्न झाला होता आणि तो तिथेच सोडून दिलेला होता. सातवा जवळजवळ जमला होता. फक्त त्याला एका कडेला बारीक चीर गेली होती. केकवर लावलेले दोन धरले तर तिने एकूण नऊ डोळे केले होते. फजिती करून दाखवायला बसलेले मूल एवढे डोळे करत नाही. तिला ते घुबड खरोखरच चांगले व्हायला हवे होते, ते होत नाही हे तिच्या कधीतरी लक्षात आले होते, आणि आम्ही हसण्याच्या आत आपण हसून घ्यावे हे तिने कुठून तरी शिकून घेतले होते.

ते झाकण मी धुतले नाही, तसेच ओट्यावर ठेवले.

ती कुठून शिकली हे शोधायला फार लांब जावे लागत नव्हते. 'नेल्ड इट!' हा अमेरिकन कार्यक्रम नेटफ्लिक्सवर ९ मार्च २०१८ रोजी सुरू झाला. आमच्या घरात तो टाळेबंदीच्या काळात आला आणि मग राहिलाच. घरातल्या सर्वांनी मिळून पाहावा असा तो आहे का, हा प्रश्न मला त्या रात्रीपर्यंत कधी पडला नव्हता, कारण सगळ्यांना मिळून पाहता येण्यासारखे दुसरे काही सापडत नव्हते म्हणून तर तो आमच्याकडे टिकला होता. नवऱ्याला खून आणि तपास लागतो, मला ते झोपेच्या आधी नको असते, लेकीला आमच्या आवडीचे सगळेच कंटाळवाणे वाटते. या एका कार्यक्रमापुढे मात्र आम्ही तिघे एकाच सोफ्यावर, एकाच ताटलीतले शेंगदाणे खात बसत होतो. इंटरनेटवर लोक एका बाजूला देखण्या केकचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला आपण केलेला भयानक केक ठेवून खाली उपरोधाने 'जमलं!' अशा अर्थाचे हे दोन शब्द लिहीत असत. त्या थट्टेचाच हा कार्यक्रम झाला. ज्यांना केक फारसा करता येत नाही असे तिघे येतात, त्यांच्यापुढे कसबी कारागिराला घाम फोडील असा केक ठेवतात, अपुरा वेळ देतात आणि म्हणतात, हुबेहूब असाच करा. झाकलेला केक उघडा करताना स्पर्धकाने स्वतःच "नेल्ड इट!" असे ओरडायचे असते. जिंकणाऱ्याला दहा हजार डॉलर मिळतात. माझ्या लेकीचे वर गेलेले हात त्या क्षणाची हुबेहूब नक्कल होती. केकची नक्कल जमली नव्हती. ही जमली होती.

सूत्रसंचालन निकोल बायर ही विनोदी कलाकार करते आणि मुख्य परीक्षक झाक टोरेस हे फ्रेंच पेस्ट्री शेफ आहेत. टोरेस यांना मिठाईच्या कलेसाठी फ्रान्समध्ये सर्वोत्तम कारागिराचा किताब मिळाला तो १९८६ साली, आणि निकोल जन्मली तीही १९८६ सालीच. हा योगायोग मला उगाचच आवडतो. ती खदखदून हसते, ओरडते, केकचा घास तोंडात घेतल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे काही उमटते ते लपवत नाही, आणि चषक घेऊन येणाऱ्या वेस नावाच्या सहायकाला अशी हाक मारते की तो बिचारा संकोचून पुढे येतो. टोरेस यांचे सगळे याच्या उलट आहे. ते पांढऱ्या कोटात हात जुळवून उभे असतात, समोर कितीही भीषण वस्तू आली तरी तिच्यातली एखादी बरी गोष्ट शोधून आधी ती सांगतात, आणि मग हे असे का झाले ते दोन वाक्यांत समजावतात. त्यांच्या बोलण्यात उपहास नसतो. ज्याने सगळे आयुष्य चॉकलेटचे तापमान सांभाळण्यात घालवले त्याला कोसळलेल्या केकचे हसू येत नसावे. त्याला बहुधा केक ओव्हनमधून बाहेर काढण्याची चुकलेली वेळच दिसत असावी.

कुटुंबाने पाहावे की नाही याविषयीचे नेहमीचे आक्षेप मी स्वतःशी तपासून पाहिले आणि त्यांतला एकही मला फार काळ धरून ठेवू शकला नाही. निकोल स्वतःच्या लग्न न जमण्यावर विनोद करते, अधूनमधून द्व्यर्थी बोलते, स्पर्धकाच्या तोंडून शिवी निघाली की वर पीप असा आवाज येतो. पहिल्यांदा लेकीने विचारले होते की ती बाई त्या काकांना एकटेच राहता का असे का विचारते आहे, तेव्हा मी घाईघाईने पाणी आणायला उठले होते. पण खरे सांगायचे तर आमच्याकडच्या लग्नात हळदीच्या दिवशी बायका ज्या गमती करतात त्यांच्यापुढे हे काहीच नाही, आणि त्या गमती आम्ही पोरींनी चटईवर लोळत, झोपेचे सोंग घेऊन, अगदी लहान वयात ऐकल्या होत्या. २०२१ च्या नियमांनुसार आपल्याकडे अशा कार्यक्रमांना सात, तेरा, सोळा अशा वयोगटांचे शिक्के द्यावे लागतात आणि ते देताना हिंसा, नग्नता, भाषा, अमली पदार्थ असे सगळे पाहिले जाते. ते पाहिलेच पाहिजे. पण घरातले चार जण मिळून कुणाला हसत आहेत आणि ते हसू दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात कोणते रूप घेऊन येईल, याचा शिक्का कोण देणार?

नासाडीचा आक्षेप मला जास्त टोचतो. मणभर साखर, अंडी, लोणी आणि ते निळे-जांभळे रंग. परीक्षक त्यातला एक घास खाणार, तोही कधी कधी तोंड वाकडे करून. मुरमुऱ्याच्या लाडवासारखा तांदळाच्या लाह्यांचा एक चिकट गोळा करतात आणि त्यातून केकचे डोके किंवा खांब कोरतात. तो पाहिला की माझ्या हाताला उगाचच पाण्याचा हात लावून लाडू वळण्याची आठवण होते. काकूने पहिल्याच दिवशी विचारले होते, "उरलेलं कोण खातं गं?" मला उत्तर देता आले नाही. जिच्या पोळीचा तुकडासुद्धा कधी ताटात राहिला नाही तिच्याजवळ बसून हे दृश्य पाहताना आपण काहीतरी चोरून करतो आहोत असे वाटत राहिले.

ब्रिटनमध्ये २०१० साली सुरू झालेली तंबूतली केकची स्पर्धा मी आधी पाहत असे. तिथे येणारे हौशी असले तरी तयार असतात, दर आठवड्याला एक जण घरी जातो आणि शेवटी विजेत्याला पैसे नव्हे, तर फुले आणि केक ठेवण्याची एक कोरलेली बैठक मिळते. सगळे एकमेकांशी फार प्रेमाने वागतात. तरीही ती स्पर्धा लेकीबरोबर पाहताना माझा जीव घाबरा होई, कारण तिथे पावाच्या पोटात राहिलेला कच्चेपणा हे खरे दुःख असते आणि ते दुःख कॅमेरा जवळून टिपतो. आपल्याकडच्या गाण्याच्या स्पर्धांत तर नऊ-दहा वर्षांची मुले बाद होऊन रडताना आपण वरणभात कालवत पाहिली आहेत, आणि ते कुटुंबाने पाहण्याजोगे आहे की नाही असे कुणीही विचारले नाही. या अमेरिकन कार्यक्रमात मधेच कुणालाही घरी पाठवत नाहीत. तिघेही शेवटपर्यंत उभे असतात. अडचणीत बटण दाबले की परीक्षक तीन मिनिटे मदतीला धावतात. मुख्य म्हणजे आपल्याला जमणार नाही हे येणाऱ्याला दारातच ठाऊक असते. हसणाऱ्याचा आणि ज्याला हसायचे त्याचा आधी करार झालेला असतो. मला वाटते, या करारामुळेच तिथले हसू बोचत नाही.

आमच्या वाईच्या घरात असा करार कुणी केला नव्हता.

धाकट्या काकांचे लग्न १९८२ साली झाले. पहिली दिवाळी दिवाळसणाची, ती माहेरी झाली; सासरच्या स्वयंपाकघरात काकूची खरी परीक्षा झाली ती दुसऱ्या दिवाळीत. मी तेव्हा सात वर्षांची होते. अनारसे काकूने करावेत असे आजीने ठरवले, आणि त्या ठरवण्यात किती आपुलकी होती आणि किती दुसरे काही, हे मला आजही सांगता येणार नाही. ज्यांनी अनारसे केले आहेत त्यांना ते कसे करतात हे सांगायला नको. ज्यांनी केले नाहीत त्यांना एवढेच सांगते की तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग कापडावर पसरून जरासे ओलसर असतानाच कुटून बारीक चाळायचे, गूळ घालून गोळे करून डब्यात मुरवत ठेवायचे, आणि एवढे सगळे केल्यानंतरही जमले की नाही ते तूप तापेपर्यंत कळत नाही. खसखशीवर थापलेला अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे. बिघडला तर तो तुपात पसरतो, त्याची जाळी सुटते, तुकडे होऊन कढईभर तरंगू लागतात. त्याला आपल्या भाषेत 'अनारसा हसला' म्हणतात. जिने तो केला तिच्यावर घर हसायच्या आधी अनारसाच हसतो. हा शब्द पहिल्यांदा ज्या बाईच्या तोंडी आला तिला काय काय माहीत असेल असे मला नेहमी वाटते.

काकूचा पहिला अनारसा हसला. दुसरा हसला. तिसरा सोडताना तिचा हात थरथरत होता हे मला दिसले, कारण मी चुलीच्या अगदी जवळ, पाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि जळलेल्या खसखशीचा वास माझ्या नाकात होता. तोही हसला. आजी मागच्या दारातून म्हणाली, "आमच्या घरात आलेली सगळी माणसं हसरी, आता अनारसेही हसरे." वाक्य चांगलेच होते. सगळे घर हसले, अगदी माझी आईही, जिला स्वतःला त्या घरात कमी का ऐकावे लागले होते. मीही हसले. सातव्या वर्षी मोठ्यांबरोबर एका हशात सामील होता येणे ही फार सुखाची गोष्ट असते. आपण त्यांच्यातलेच आहोत असे वाटते. काकूनेही पदर तोंडाला लावून हसून घेतले. पुढे वर्षानुवर्षे दिवाळीत कुणीतरी तो विनोद काढीच, आणि काढला की ती प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी हसे. तिने नंतर अनारसे केल्याचे मला आठवत नाही. चकल्या तिच्या हातच्या सगळ्यांत खुसखुशीत, करंजीला मुरड तिच्यासारखी कुणाची नाही. पण अनारसे विकत आणलेले किंवा दुसऱ्या कुणी केलेले. आई गेल्यापासून अधिक महिन्याचे वाण माझ्या नवऱ्याला तीच आणते. त्या वर्षीही आणले होते: तेहेतीस अनारसे, दुकानाचे नाव छापलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी रात्री आम्ही तिला सोफ्यावर मधोमध बसवून 'नेल्ड इट!' दाखवले. भाषा कळत नव्हती तरी तिला खेळ लगेच समजला. एका तगड्या माणसाने परीच्या केकला जे तोंड बसवले होते ते पाहून तिला इतके हसू लोटले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला मनातून बरे वाटले आणि थोडी भीतीही वाटली, की हिला आत्ता ते आठवत असेल का. मग परीक्षणाची वेळ आली. आमच्याकडे एक रीत पडून गेली होती, जिच्याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते: निकोल बोलेपर्यंत लेक पाहत असे आणि टोरेस बोलू लागले की रिमोटने दहा सेकंद, आणखी दहा सेकंद असे पुढे जात असे, कारण त्यात गंमत नसे. त्या रात्रीही तिने तसेच केले. काकूने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"त्या पांढऱ्या कोटातल्या माणसाला का पळवतेस? तो काहीतरी सांगतोय."

लेकीने कुरकुरत मागे नेले. मी सांगत गेले: ते म्हणताहेत की चव चांगली उतरली आहे, पण केक गरम असतानाच त्यावर क्रीम लावले, त्यामुळे ते वितळले आणि वरचा थर घसरला, आधी पुरता गार करून घेतला असता तर तो बसला असता. काकू पडद्याकडे पाहत राहिली. तिथे तो तगडा माणूस मान डोलावत होता, आपल्याला हे कसे सुचले नाही अशा चेहऱ्याने. निकोल मागे कशावर तरी हसत होती. तिच्या हसण्यातच त्यांचे शांत, फ्रेंच हेलाचे बोलणे चालू होते.

"म्हणजे का बिघडलं ते सांगतात तर," काकू म्हणाली.

एवढेच म्हणाली आणि शेंगदाण्याची ताटली माझ्याकडे सरकवली. पण ते वाक्य माझ्या मनातून हलेना. कारण अनारसा हसतो तो गूळ जास्त झाला म्हणून, किंवा पीठ सैल राहिले म्हणून, आणि त्यावर मूठभर तांदळाची पिठी मळून घेतली तर बहुतेक वेळा काम होते. हे मला आज कुणीही सांगेल. आजीला तर नक्कीच ठाऊक होते. तिने पन्नास वर्षे अनारसे केले होते. तिसरा अनारसा तुपात विरत असताना पिठीचा डबा फळीवर, तिच्या हाताच्या अंतरावर होता. तिने वाक्य उच्चारले, डबा काढला नाही. आजी दुष्ट नव्हती हे मला माहीत आहे. तिच्या सासूनेही तिला डबा काढून दिला नसणार, आणि शिकायचे म्हणजे हसू पचवत शिकायचे अशी तिची प्रामाणिक समजूत असेल. हसणारी माणसे आमच्या घरात पुष्कळ होती आणि ती खरोखर चांगली हसत. आमच्याकडे निकोलची वाण नव्हती. टोरेस मात्र कुणी नव्हते. आणि मी माझ्या घरात काय केले होते, तर जे एकमेव होते त्यांना दहा-दहा सेकंदांनी पळवायला रिमोट लेकीच्या हातात दिला होता.

यावर माझे मन अजूनही एका जागी थांबत नाही. कधी वाटते, लेकीचे वर गेलेले ते हात म्हणजे मोठीच कमाई आहे. आमच्या पिढीत बिघडलेला पदार्थ लपवला जाई. मी स्वतः कॉलेजात असताना गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये केलेला पहिला केक, जो वरून करपला आणि आतून पाणी होता, वर्तमानपत्रात गुंडाळून कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकून आले होते आणि घरी केकच केला नाही असे सांगितले होते. हिने तसे केले नाही. तिने वाकडे घुबड भर टेबलावर आणून ठेवले. मग मला काकूच्या तोंडाला लावलेला पदर आठवतो आणि वाटते की आधी हसून घेणे आणि न लाजणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, आणि आईलासुद्धा त्यांतला फरक ओळखता येत नाही, जोवर मिक्सरमागचे झाकण तिच्या हाती लागत नाही. शेजारच्या ताईंचे म्हणणे वेगळेच आहे. त्यांच्या मते अशा कार्यक्रमांनी मुलांना वाटेल तसे काम करून टाळ्या घ्यायची सवय लागते. त्यांनी नऊ डोळे पाहिले नाहीत.

कार्यक्रम बंद करावा असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. दोन तासांत कुणालाही न जमणारी गोष्ट भल्या मोठ्या माणसांना धडपडत करताना पाहणे यात मुलांना फार दिलासा असतो. मोठ्यांना सगळे येते ही शाळेत आणि घरात पसरवलेली अफवा तिथे चांगली उघडी पडते. पोलीस, शिक्षिका, आजोबा झालेले गृहस्थ असे सगळे तिथे क्रीमच्या पिशवीशी झुंजताना दिसतात. मेक्सिको, फ्रान्स, स्पेन, जर्मनी इथेही या कार्यक्रमाच्या त्या त्या भाषेतल्या आवृत्त्या निघाल्या, यावरून फजितीला भाषा लागत नाही एवढे तरी खरे असावे. फक्त मी एक नियम केला: पांढऱ्या कोटाला पळवायचे नाही. लेकीने कटकट केली, मग सवयीने ऐकू लागली. मधे एकदा टोरेस यांच्या आधीच ती म्हणाली, "केक गार नव्हता केलेला," आणि ते खरेच तेच म्हणाले तेव्हा आपण परीक्षक असल्यासारखी ती ऐटीत मागे टेकून बसली.

सोमवारी सकाळी, चहाच्या वेळी, काकूला ओट्यावर ते झाकण दिसले. तिने चष्मा लावला, झाकण खिडकीपाशी उजेडात नेले आणि सातही डोळे एकेक करून पाहिले, तांदूळ निवडताना पाहते तसे. लेक दप्तर भरत होती. "हे कशानं केलेस?" असे काकूने विचारले तेव्हा लेकीने आधी हसायची तयारी केली, तिच्या तोंडाचा कोपरा वर गेलाही. पण समोर कुणी हसत नव्हते. मग ती जवळ आली आणि सांगू लागली: लगदा बोटांना चिकटतो, म्हणून खाली कॉर्नफ्लोअर टाकायचे, ते जास्त झाले की चीर जाते, बुबुळ आधी दाबायचे आणि मग पांढरे गोल कापायचे, उलट केले की सगळे सरकते, हे तिला पाचव्या डोळ्याला कळले. काकू मधून मधून "मग?" असे विचारत होती. शाळेची बस खाली उभी राहून दोनदा हॉर्न देऊन गेली आणि त्या दिवशी मला तिला रिक्षाने सोडावे लागले.

काकू गेल्यावर आमचे बोलणे फोनवरच झाले. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. काकांचा गुडघा, नळाचे पाणी, दिवाळीला येणार का, असे सगळे झाल्यावर तिने एकदम विचारले, "तो परीचा केक करणारा माणूस होता ना, त्याला पुढच्या खेपेला जमलं का गं?"

मी म्हटले की बहुतेक दर वेळी नवे तिघे असतात, तो परत आलेला मी तरी पाहिला नाही.

"मग त्याला समजलं की नाही ते कसं कळायचं? केक गार करून बघायला नको?"

"घरी करून बघत असेल, काकू."

"असेल," ती म्हणाली. फोनमधून भांड्याचा आवाज आला. "बरं, ठेवते आता. तांदळाचं पाणी बदलायचं राहिलंय."